रुमालाआडचे शहर

कृष्णपुऱ्याच्या पुलावर पाय ठेवला की माझा उजवा हात आपोआप खिशातल्या रुमालाकडे जातो. ही सवय लहानपणापासूनची. आईचा हात धरून राजवाड्याकडे जाताना पूल आला की ती पदर नाकाशी धरी आणि मला म्हणे, ''श्वास धरून ठेव, आत्ता संपेल.'' मी मनात आकडे मोजत पूल ओलांडीत असे. पुढे शासकीय नोकरीच्या निमित्ताने मध्य प्रदेशातल्या अनेक गावी राहणे झाले. २०२१ साली निवृत्त होऊन जुन्या घरी परतलो आणि पहिल्याच संध्याकाळी पुलावर हात खिशात गेला. रुमाल नाकाशी नेल्यावर लक्षात आले की त्या दिवशी तसा वास मुळी नव्हताच. नाकाला विचारण्याची तसदी न घेता हाताने परस्पर निर्णय घेऊन टाकला होता.

प्रसंग क्षुल्लक आहे. परंतु त्याने मनात एक प्रश्न सोडला आणि तो अद्याप पिच्छा सोडीत नाही. ज्या शहराला मी आयुष्यभर 'माझे इंदूर' म्हणत आलो, ते मी इंद्रियांनी किती अनुभवले आणि रुमालाआड किती ठेवले? आणि जे रुमालाआड ठेवले, त्याविषयी माझ्याकडे काही दोष येतो की नाही? आपल्या सभेच्या वाचकांपैकी बहुतेकांची घराणी चार-पाच पिढ्यांपासून या नगरीत नांदत आहेत. तेव्हा हा प्रश्न माझ्या एकट्याचा नसावा, असे समजून तो येथे मांडतो.

आपल्या परंपरेने इंद्रियांचा विचार मुख्यतः निग्रहाच्या अंगाने केला. कठोपनिषदात इंद्रियांना रथाचे घोडे म्हटले आहे. सारथी सावध नसेल तर ते उधळतात. गीतेने स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली. कासव जसे आपले अवयव आत ओढून घेते, तसा तो इंद्रियांना विषयांपासून आवरून घेतो. लहानपणापासून हे ऐकत आल्यामुळे इंद्रिये जितकी कमी जागी तितके बरे, अशी काहीशी समजूत आपल्या मनात रुजलेली असते. पण उपमेकडे नीट पाहावे. कासव अवयव आत घेते, ते त्याला पुन्हा बाहेर काढता येतात म्हणून. ज्याचे अवयव लुळे पडले आहेत त्या कासवाला कोणी संयमी म्हणणार नाही. निग्रह वेगळा आणि बधिरता वेगळी. निग्रहात मनुष्य जाणतो आणि आवरतो. बधिरतेत तो जाणतच नाही. शहरात राहून आपल्याला साधतो तो बहुधा दुसरा प्रकार, आणि आपण त्याला पहिल्याचे नाव देतो.

दुसरी एक गोष्ट बौद्ध अभिधर्माच्या पंडितांनी सूक्ष्मपणे हेरली आहे. डोळा आणि कान आपल्या विषयाला दुरून जाणतात. नाक, जीभ आणि त्वचा यांना मात्र विषयाचा प्रत्यक्ष संपर्क व्हावा लागतो, असे ते मानीत. नैयायिकांना हा भेद मान्य नव्हता. त्यांच्या मते सर्वच इंद्रिये विषयापर्यंत पोहोचतात. तो वाद पंडितांनी करावा. पण व्यवहारात पहिल्या मताची प्रचीती रोज येते. समोरची घाण मी डोळ्यांनी पाहतो तेव्हा ती 'तिकडे' असते आणि मी 'इकडे' असतो. तिचा वास आला याचा अर्थ तिचे कण माझ्या शरीरात शिरले. डोळ्याने पाहणारा प्रेक्षक राहू शकतो. वास घेणाऱ्याला ती सोय नाही. म्हणूनच कदाचित आपण डोळे मिटण्यापूर्वी नाक झाकतो.

कृष्णपुऱ्याचे नाव ज्यांच्यावरून पडले त्या कृष्णाबाई यशवंतराव होळकरांच्या पत्नी. त्या १८४९ साली निवर्तल्या. त्यांची, दुसऱ्या तुकोजीरावांची आणि शिवाजीरावांची छत्री नदीकाठी उभी आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला त्या दाखवतो, त्यांच्या शिल्पकामाचे कौतुक करतो आणि छायाचित्र घेताना नदी चौकटीत येणार नाही अशा बेताने उभे राहतो. शहर डोळ्यांनी दाखवायचे असले की असे निवडून दाखवता येते. परंतु ज्या मुलाने इथे बालपण घालवले, त्याच्या लेखी कृष्णपुरा म्हणजे छत्र्यांचे शिखर नव्हे. नंदलालपुऱ्याच्या मंडईतून पहाटे येणारा ओल्या कोथिंबिरीचा आणि सडक्या कोबीचा एकत्र वास, बर्तन बाजारातली ठोकाठोक, छत्रीच्या दगडाचा मार्चमधला गारवा आणि मे महिन्यातला चटका, सराफ्यात दुकाने बंद झाल्यावर मांडल्या जाणाऱ्या कढयांतून उठणारी तुपाची वाफ, रंगपंचमीच्या गेरीनंतर दोन दिवस भिंतींना आणि दातांना राहणारी गुलालाची चव, हे सारे मिळून कृष्णपुरा होतो.

पाण्याची चव हाही एक कालगणनेचा प्रकार आमच्या घरी होता. आजी कुठलीही घटना 'नर्मदा येण्याआधीची' किंवा 'नंतरची' अशी सांगे. नर्मदेचे पाणी इंदुरात यावे म्हणून १९७० साली शहराने आंदोलन केले आणि १९७८ साली ते पाणी जलूदहून डोंगर चढवून येथवर आणले गेले. पहिल्या दिवशी आजीने तांब्यातले पाणी तोंडात बराच वेळ घोळवले. मग म्हणाली, ''हलकं आहे.'' तिला अभियांत्रिकीतले काही ठाऊक नव्हते. पण वरण शिजायला लागणारा वेळ आणि जिभेवरची जडता एवढ्यावरून ती पाण्याविषयी जे सांगे, ते बहुधा खरे असे. आजीच्या जिभेचा हा दाखला पुढे लागणार आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

आवाजांत सर्वांत मोठा आवाज गिरण्यांच्या भोंग्यांचा. मालवा मिल, हुकुमचंद, राजकुमार, प्रत्येकीचा भोंगा निराळा, आणि वडील त्यांवर घड्याळ लावीत. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. इतर गिरण्याही त्या काळात एकेक करून थंडावल्या. मी तेव्हा बाहेरगावी होतो. सुटीत घरी आलो तेव्हा काहीतरी चुकल्यासारखे वाटले. पण काय चुकले हे दोन दिवस कळले नाही. तिसऱ्या दिवशी वडिलांनी रेडिओवर घड्याळ लावले तेव्हा उमगले. हुकुमचंदच्या कामगारांना त्यांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये मिळण्याचा मार्ग २०२३ च्या डिसेंबरात मोकळा झाला. म्हणजे मध्ये बत्तीस वर्षे गेली. कित्येक कामगार तोवर हयातही नव्हते. भोंगा होता तेव्हा त्याने आमची झोपमोड होते अशी तक्रार आम्ही करीत असू. तो थांबल्याची तक्रार आमच्यापैकी कोणी केल्याचे स्मरत नाही. वाजणारा आवाज कानाला कळतो. थांबलेला आवाज कळायला कानामागे माणूस जागा असावा लागतो.

याहून कठीण आठवण १९८४ सालची आहे. इंदिराजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत राजवाडा जळाला. सातमजली राजवाड्याचे वरचे मजले लाकडाचे. त्या जळक्या सागवानाचा वास आमच्या माडीवरच्या गाद्यांना कित्येक दिवस येत होता. मल्हाररावांच्या काळापासूनची वास्तू, त्यामुळे आमच्या मराठी वस्तीत घरोघरी सुतक असल्यासारखे वातावरण होते. माझ्या वडिलांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिले ते त्याच दिवसांत. परंतु त्या धुरात केवळ सागवान नव्हते. त्याच दिवसांत शहरातल्या शीख बांधवांची घरे-दुकाने जळत होती. त्या धुराला कापडाचा, रबराचा, धान्याचा वास होता. तो आम्हाला आलाच नसेल असे नाही. पण पुढे चाळीस वर्षे जेव्हा जेव्हा आमच्या ओट्यावर त्या दिवसांची आठवण निघाली, तेव्हा ती राजवाड्याच्या लाकडाचीच निघाली. एकाच धुरातला एक वास आपण स्मृतीत जपून ठेवला आणि दुसरा रुमालाने गाळून टाकला. यात कोणाचा वाईट हेतू होता असे मी म्हणत नाही. वाईट हेतूशिवायही मनुष्य किती गाळू शकतो, एवढेच दाखवायचे आहे.

आता नदीकडे येतो. जिला आपण खान म्हणत आलो आणि आता कान्ह लिहितात ती नदी, आणि तिला येथे मिळणारी सरस्वती, या दोन्ही माझ्या जन्माआधीपासून हळूहळू नाल्याच्या पदवीला पोचल्या. आजीने तरुणपणी घाटावर पर्वणीचे स्नान केल्याचे ती सांगे. आम्ही तेथे श्वास धरून धावत असू. दोन पिढ्यांत नदीचा नाला झाला आणि त्यावर आमची प्रतिक्रिया काय, तर रुमाल. रुमाल ही मोठी सोयीची वस्तू आहे. तो वास नाहीसा करीत नाही. तो फक्त 'वास' आणि 'मी' यांतला संबंध तोडतो. पाणी मात्र पुढे वाहतच असते. आपल्या घरातून निघालेले सांडपाणी कान्हमार्गे उज्जैनजवळ क्षिप्रेत जाते. २०१६ च्या सिंहस्थात लाखो भाविकांनी ज्या घाटांवर स्नान केले, त्या घाटांपर्यंत आपले पाणी पोहोचू नये म्हणून ते भूमिगत नळातून वळसा घालून खाली सोडावे लागले. आपला रुमाल आपल्या नाकापुरता असतो. त्यापलीकडे पुढच्या गावाचे नाक असते, हे त्या नळाने शासनाच्या खर्चाने सिद्ध केले.

वासाकडे याहून निराळ्या रीतीने पाहणारी दोन माणसे शंभर वर्षांपूर्वी याच शहरात होऊन गेली. दोघेही परदेशी. पहिले पॅट्रिक गेडिस. इंदूरच्या दरबाराने त्यांना नगररचनेसाठी बोलावले. त्यांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. गेडिस नकाशा टेबलावर काढण्याआधी गल्लीगल्लीतून पायी हिंडत. तेव्हा प्लेगने लोक त्रस्त होते आणि नकाशा घेऊन फिरणारा हा साहेब पाहून धास्तावत. १९१७ च्या दिवाळीत त्यांनी एक मिरवणूक काढवली. जे मोहल्ले आपली घरे व गल्ल्या अधिक स्वच्छ करतील त्यांतून ती जाईल असे जाहीर केले. मिरवणुकीत घाणीच्या राक्षसाचा आणि प्लेगच्या उंदराचा पुतळा होता; पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की त्यात शहराचे सफाई कामगार शुभ्र वस्त्रे घालून, गळ्यात फुलांच्या माळा आणि हाती नवे झाडू घेऊन मानाने चालले. ज्यांचे नाक शहराच्या वतीने सारे सोसत होते, त्यांना गेडिस यांनी शहरासमोर आणले.

दुसरे अल्बर्ट हॉवर्ड. १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी इंदूरच्या संशोधन संस्थेत काडीकचरा, शेण व माती यांचे थर रचून खत करण्याची पद्धत बसवली. ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. आपल्या शहराचे नाव जगात सर्वदूर गेले ते बहुधा या कचऱ्याच्या ढिगामुळे, हे आपल्यापैकी कित्येकांना ठाऊकही नसेल. खताच्या शास्त्रातली एक साधी गोष्ट अशी की ढीग कुजकट वास मारू लागला तर आत हवा कमी पडली असे समजावे, आणि ढीग उलथून मोकळा करावा. अत्तर शिंपडून उपयोग नाही. नैयायिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण म्हटला आहे. शेतकऱ्याच्या लेखी तो पृथ्वीचा निरोप आहे. निरोप अप्रिय असला म्हणून निरोप्याला कोंडून ठेवणे हा काही शहाणपणा नव्हे.

येथवर मी दुसऱ्यांविषयी, फार तर 'आपल्या'विषयी बोललो. आता स्वतःचे सांगणे प्राप्त आहे.

नोकरीच्या मध्यकाळात मी एका जिल्ह्याच्या गावी होतो. गावाचे व खात्याचे नाव येथे अनावश्यक आहे. एका वस्तीतून नळाच्या पाण्याविषयी तक्रार आली आणि स्थळनिरीक्षणाचे काम माझ्याकडे आले. वस्तीत पोचलो तेव्हा पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. त्यांतल्या एका वयस्क बाईने काचेची बाटली पुढे केली. मी ती घेतली, उजेडाकडे धरली, हलवून पाहिली. पाणी नितळ होते. ती म्हणाली, ''साहब, देखो मत, सूँघो.'' माझ्यासोबत हाताखालची मंडळी होती, जीपगाडी उभी होती, ऊन चढले होते. चारचौघांत बाटलीला नाक लावणे मला काहीसे कमीपणाचे वाटले असावे. मी बाटली परत दिली. नस्तीवर टीप लिहिली की, प्रत्यक्ष निरीक्षणात पाणी प्रथमदर्शनी स्वच्छ व पारदर्शक आढळले. नमुना तपासणीस पाठविणे उचित होईल. टिपेत एकही शब्द खोटा नव्हता. नमुना यथावकाश गेला. त्याचा निकाल येण्यापूर्वीच त्या वस्तीत काविळीची साथ पसरली. त्या बाईच्या घरी कोणी आजारी पडले की नाही हे मला ठाऊक नाही, कारण मी विचारायला गेलो नाही. माझी तोवर बदली झाली होती.

या प्रसंगाबद्दल माझ्यावर कोणी ठपका ठेवला नाही. ठेवण्यासारखे कागदावर काही नव्हतेच. तरीही गेली कित्येक वर्षे मी तो विसरू शकलो नाही, आणि त्याचे कारण शोधता शोधता मला असे वाटू लागले की माझा दोष निष्काळजीपणाचा नव्हता. निष्काळजी माणूस टीप लिहीत नाही. दोष असा होता की मी त्या बाईचे नाक प्रमाण मानले नाही. माझा डोळा हा साहेबाचा डोळा, म्हणून तो 'निरीक्षण'. तिचे नाक हे बाईमाणसाचे नाक, म्हणून ती 'तक्रार'. इंद्रिय तेच, प्रत्यक्ष तेच. पण एकाचे प्रत्यक्ष नस्तीवर चढते आणि दुसऱ्याचे वस्तीतच राहते. आजीच्या जिभेवर माझा विश्वास होता. त्या बाईच्या नाकावर का नसावा? ती आजी माझी होती, एवढाच काय तो फरक.

२०२५ च्या डिसेंबरअखेरीस याच इंदुरात, कृष्णपुऱ्यापासून फार दूर नसलेल्या भागीरथपुऱ्यात, नळाच्या पाण्यात मैलापाणी मिसळले. शेकडो लोक आजारी पडले, अनेकांचे प्राण गेले. मृतांच्या आकड्यावरून पुढे बराच वाद झाला. त्या बातम्यांत मी एक वाक्य पुनःपुन्हा वाचत होतो: पाण्याला वास येतो, चव कडवट लागते, असे तेथील रहिवासी आधीपासून सांगत होते. मला ती काचेची बाटली आठवली. दोष कोणाचा, किती, हे ठरवणे ज्यांचे काम आहे त्यांनी ते ठरवावे. मी त्याविषयी अधिकाराने काही बोलू शकत नाही. परंतु २०१७ पासून ज्या शहराने स्वच्छतेतला देशातला पहिला मान सातत्याने राखला, २०२१ साली ज्याला देशातले पहिले 'वॉटर प्लस' शहर म्हणून गौरविले गेले, त्या शहरात ही घटना घडावी, याचा अर्थ लावणे आपणा प्रत्येकाचे काम आहे.

तो मान खोटा होता असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. सकाळी गल्लीत गाणे वाजवीत येणारी कचरागाडी, ओला व सुका कचरा वेगळा देण्याची घरोघरी लागलेली शिस्त, पहाटे सराफा धुऊन काढणारे कामगार, हे सारे मी पाहतो आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण 'पाहतो' हाच शब्द येथे महत्त्वाचा आहे. स्वच्छतेची परीक्षा मुख्यतः डोळ्याने होते, आणि डोळ्याला समाधान देता देता आपण असे मानू लागतो की जे दिसत नाही ते नाहीच. रस्त्याखालचे दोन नळ, एक पाण्याचा आणि एक मैल्याचा, कोणाच्याच डोळ्याला दिसत नाहीत. त्यांची खबर फक्त नाक आणि जीभ देऊ शकतात, आणि ती प्रथम गृहिणीला, मग मुलांना, आणि सर्वांत शेवटी निरीक्षकाला मिळते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि ते मी स्वतःवर घेऊन पाहिले आहेत.

पहिला असा की शहरात पाचही इंद्रिये सताड उघडी ठेवून कोणाला जगता येईल? गर्दीचा प्रत्येक आवाज, प्रत्येक वास, प्रत्येक धक्का मनावर घेणारा मनुष्य आठ दिवसांत वेडा होईल. काही प्रमाणात बधिरता ही निसर्गाने दिलेली ढालच आहे. हे मला मान्य आहे. माझी आई पदर नाकाशी धरीत असे त्यात तिचा काही गुन्हा नव्हता; कडेवर एक मूल आणि हाताशी एक, अशा बाईने पुलावर थांबून नदीचा विचार करावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. पण ढाल काम संपल्यावर खाली ठेवायची असते. आपण ती हातातच घेऊन निजतो. पूल ओलांडल्यावर घरी आल्यानंतर, सभेत बसल्यावर, मत देताना, पत्र लिहिताना तरी रुमालाआड काय होते हे आठवायला हवे. आईला जमले नाही ते मला जमायला हवे होते. मला शिक्षण होते, खुर्ची होती, सवड होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नाक हे काही निष्पाप इंद्रिय नव्हे. आपल्या समाजात 'वास येतो' हे शब्द माणसाला माणसापासून दूर ठेवण्यासाठी शतकानुशतके वापरले गेले आहेत. ज्यांनी आमची घाण वाहिली त्यांनाच आम्ही घाणेरडे म्हटले. तेव्हा नाक जागे ठेवा असा उपदेश करणारा मनुष्य जुन्याच किळसेला नवे नाव तर देत नाही ना? या शंकेने मला दीर्घकाळ अडवले. शेवटी मला असे वाटते की फरक प्रश्नाच्या दिशेत आहे. 'वास कोणाला येतो' असे विचारले की बोट माणसाकडे जाते आणि विचारणारा दोन पावले मागे सरतो. 'वास कुठून येतो' असे विचारले की बोट नळाकडे, गटाराकडे, कधी आपल्याच मोरीकडे जाते आणि विचारणाऱ्याला दोन पावले पुढे जावे लागते. गेडिस यांच्या मिरवणुकीने हा दुसरा प्रश्न विचारला होता. इंद्रिय तेच, त्याने किळस शिकावी की चौकशी, हे त्याच्यामागच्या माणसाने ठरवायचे असते. कठोपनिषदातल्या सारथ्याचे काम मला येथे दिसते. त्याने घोडे बांधून ठेवायचे नाहीत, त्यांना वाटेवर लावायचे आहे.

तेव्हा माझा निष्कर्ष एवढाच की इंद्रिये जागी ठेवणे हा शहरात राहणाऱ्याचा धर्म आहे, चैन नव्हे; आणि त्या धर्माचा मोठा भाग असा की दुसऱ्याचे इंद्रिय आपल्याइतकेच प्रमाण मानावे. आपण जुनी मराठी मंडळी या शहराच्या आठवणींत फार रमतो. कुठल्या दुकानाच्या कचोरीची चव कशी होती, गणेशोत्सवातल्या कुठल्या गायकाचा षड्ज कसा लागला होता, अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहताना रात्र कशी सरे, हे आपल्याला तोंडपाठ आहे. स्मृतीतली आपली इंद्रिये अत्यंत तल्लख आहेत. वर्तमानातली मात्र आपण निवृत्त करून टाकली आहेत, आणि निवृत्ती हा नोकरीचा नियम आहे, नागरिकत्वाचा नाही.

मी स्वतः काय करतो, असे कोणी विचारील. फार काही नाही. सकाळी नळ आला की पहिला पेला उजेडाकडे न धरता आधी नाकाशी नेतो. घरातली कामवाली बाई पूर्वी हसत असे. आता तिच्या वस्तीत पाणी कसे येते हे ती आपणहून सांगते, आणि तिने सांगितलेले मी तारीख घालून एका वहीत उतरवून ठेवतो, तिच्याच शब्दांत. दोनदा त्या नोंदींवरून तक्रारअर्ज केला. एकदा दुरुस्ती झाली, एकदा अद्याप व्हायची आहे. आणि संध्याकाळी कृष्णपुऱ्याच्या पुलावर आलो की हात अजूनही खिशाकडे जातो. साठ वर्षांची सवय ती, इतक्यात सुटणार नाही. मी तो हात कठड्यावर ठेवतो आणि श्वास घेतो. उन्हाळ्यातले काही दिवस अजून कठीण असतात. पण त्या दिवशी नदीची प्रकृती कशी आहे, ते मला कळते.